एचआयव्ही समुपदेशन व कुटुंबनियोजन सेवा

एचआयव्हीच्या चाचणीसाठी आलेल्या व्यक्तीला त्याच ठिकाणी, शक्यतो त्याच भेटीत, संततिनियमनाचा सल्ला व साधने उपलब्ध करून देण्याची आरोग्यसेवेतील व्यवस्था. एचआयव्ही म्हणजे माणसाची रोगप्रतिकारक्षमता क्षीण करणारा व पुढे एड्स या अवस्थेस कारणीभूत होणारा विषाणू होय. त्याचा प्रसार मुख्यत्वे लैंगिक संबंधांतून होतो आणि अपत्याचा जन्मही त्याच संबंधांतून होतो. तरीही या दोन बाबींसंबंधीच्या सेवा जगात बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या खात्यांकडे, वेगवेगळ्या खोल्यांत व वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांकडे वाढल्या. त्या एकत्र आणण्याच्या प्रयत्नाला सेवांचे एकात्मीकरण म्हणतात. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील, विशेषतः गोंदिया जिल्ह्यासारख्या ग्रामीण व आदिवासी वस्तीच्या जिल्ह्यातील परिस्थितीच्या अनुरोधाने या विषयाचे विवेचन केले आहे.

एकात्मीकरणाची गरज : एचआयव्हीबाधित मातेकडून गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून अपत्याला संसर्ग होऊ शकतो. कोणताही उपाय न केल्यास अशा संसर्गाचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य औषधोपचाराने ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. हा संसर्ग टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी चार अंगांचा कार्यक्रम आखला : स्त्रियांना मुळात संसर्गच होऊ न देणे, बाधित स्त्रियांची नको असलेली गर्भधारणा टाळणे, गरोदर बाधित स्त्रीकडून अपत्याकडे होणारा संसर्ग रोखणे आणि माता, अपत्य व कुटुंब यांची पुढील देखभाल करणे. यांपैकी तिसऱ्या अंगाकडे सर्वत्र सर्वाधिक लक्ष व पैसा गेला. औषधाच्या गोळ्या मोजता येतात, दिल्याची नोंद ठेवता येते. न झालेली गर्भधारणा मात्र कोणत्याच नोंदवहीत दिसत नाही. दुसरे अंग मागे पडले याचे एक कारण बहुधा हेच असावे. मे २००४ मध्ये ग्लिआँ (स्वित्झर्लंड) येथे निघालेल्या आवाहनाने या त्रुटीकडे प्रथम ठळकपणे लक्ष वेधले.

दोन प्रवाह : महाराष्ट्रापुरते पाहिल्यास हे दोन विषय आरंभी वेगळे नव्हते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले व १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांच्या प्रतिबंधावरही त्यांनी सातत्याने लिहिले. एकाच साधनाने गर्भ व रोग दोन्ही टाळता येतात आणि स्त्रीला दोहोंपासून संरक्षण मागण्याचा अधिकार आहे, ही त्यांच्या प्रतिपादनातील भूमिका आजच्या ‘दुहेरी संरक्षणा’च्या कल्पनेहून फारशी वेगळी नाही. पुढे शासकीय कार्यक्रमांत ती मागे पडली.

भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. १९६५ मध्ये लूप, १९६८ मध्ये सवलतीच्या दराचा ‘निरोध’ आणि लाल त्रिकोणाचे चिन्ह यांमुळे तो खेडोपाडी पोहोचला. तथापि हळूहळू कार्यक्रमाचा सारा भर नसबंदीच्या शस्त्रक्रियेवर व तिच्या उद्दिष्टसंख्येवर आला. आणीबाणीच्या काळात सक्तीच्या नसबंदीसंबंधीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केले. ते अंमलात आले नाही, परंतु त्या काळातील सक्तीची स्मृती लोकांत दीर्घकाळ टिकली. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव कुटुंबकल्याण असे बदलण्यात आले व पुरुषांची नसबंदी जवळजवळ नामशेष होऊन सर्व भार स्त्रियांवर पडला. १९९६ मध्ये केंद्र शासनाने वरून ठरविलेली उद्दिष्टे रद्द केली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित जोडप्यांपैकी ३७·९ टक्के जोडप्यांत स्त्री-नसबंदी, केवळ ०·३ टक्के जोडप्यांत पुरुष-नसबंदी आणि ९·५ टक्के जोडप्यांत निरोध हे साधन होते. महाराष्ट्रात स्त्री-नसबंदीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून बरेच जास्त, म्हणजे निम्म्याच्या आसपास आहे.

दुसरा प्रवाह १९८६ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी चेन्नई येथे एचआयव्हीचा संसर्ग भारतात प्रथम आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे कार्य सुरू झाले. १९९७ पासून स्वेच्छेने चाचणी करून घेणाऱ्यांसाठी समुपदेशन केंद्रे उघडण्यात आली. गरोदर स्त्रियांसाठी वेगळी केंद्रे २००२ पासून निघाली. २००६ मध्ये या दोन्ही प्रकारच्या केंद्रांचे एकत्रीकरण करून ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ हे नाव देण्यात आले. या नावातील ‘एकात्मिक’ हा शब्द एड्सविषयक दोन केंद्रांच्या एकत्रीकरणाचा द्योतक आहे. कुटुंबनियोजन त्यात अभिप्रेत नव्हते. शासनाने १ एप्रिल २००४ पासून निवडक केंद्रांत विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. २०१४ पासून सर्व बाधित गरोदर स्त्रियांना आजन्म तीन औषधांचा उपचार आणि २०१७ पासून प्रत्येक बाधित व्यक्तीला निदान होताच उपचार, असे धोरण आहे. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सु. २४ लक्ष एचआयव्हीबाधित व्यक्ती असून त्यांपैकी सु. ३·९४ लक्ष महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्याहून अधिक आहेत.

समुपदेशन केंद्राचे कार्य : केंद्रात सामान्यतः एक समुपदेशक व एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतो. चाचणीपूर्वी समुपदेशक व्यक्तीशी एकांतात बोलतो, चाचणीचा अर्थ सांगतो व संमती घेतो. निदान पक्के करण्यासाठी तीन वेगवेगळ्या प्रकारच्या जलद चाचण्या केल्या जातात. संसर्ग झाल्यापासून रक्तात प्रतिपिंडे दिसू लागेपर्यंत काही आठवडे, क्वचित तीन महिनेही जातात. म्हणून निष्कर्ष नकारात्मक आला, तरी जोखीम घडलेल्या व्यक्तीला पुन्हा बोलावतात. निष्कर्षानंतर पुन्हा संभाषण होते. जोडीदार, लैंगिक संबंध, गर्भधारणा, अपत्याची इच्छा हे विषय एरवी रुग्णालयात कोणी उघडपणे काढत नाही; येथे ते आपोआप निघतात. कुटुंबनियोजनाची माहिती देण्यास याहून अनुकूल जागा आरोग्यव्यवस्थेत दुसरी नाही, असा एकात्मीकरणाच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद आहे.

तो बऱ्याच अंशी खरा असला, तरी केंद्रात येणारे लोक कोण, हेही पाहावे लागते. केन्या व इथिओपिया येथे २००० नंतरच्या दशकात असे प्रयोग झाले. स्वतंत्र चाचणी केंद्रांत येणाऱ्यांत अविवाहित तरुणांचा व पुरुषांचा भरणा मोठा असल्याने त्यांपैकी अनेकांना त्या क्षणी गर्भनिरोधकाची निकड नसते, असे तेथे दिसून आले. भारतात याच्या उलट स्थिती आहे. येथील केंद्रांत चाचणी होणाऱ्यांत गरोदर स्त्रियांचे प्रमाण फार मोठे. पण गरोदर स्त्रीला गर्भनिरोधक नंतर लागणार, आणि प्रसूतीनंतर ती त्या केंद्रात परत येईलच असे नाही. त्यामुळे चाचणी केंद्रात विषय काढावा, प्रसूतिगृहात साधन द्यावे व औषधोपचार केंद्रात दर भेटीला त्याची विचारपूस करावी, असा तीन ठिकाणी विभागलेला मार्ग भारतात अधिक उपयुक्त ठरतो. बाधित स्त्री औषधे घेण्यासाठी वर्षानुवर्षे येत असते. तिची अपत्याविषयीची इच्छा या काळात बदलते, साधनही बदलावे लागते.

गोंदिया जिल्ह्यातील परिस्थिती : भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. महाराष्ट्राच्या ईशान्य टोकावरील या जिल्ह्याला मध्य प्रदेश व छत्तीसगढ या राज्यांच्या सीमा लागून आहेत. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी व अर्जुनी-मोरगाव असे आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,२२,५०७ होती. दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच चांगले आहे. लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सु. १६ टक्के असून त्यांत गोंड व हलबा प्रमुख आहेत.

धान हे मुख्य पीक. रोवणी व कापणी यांखेरीज उरलेल्या महिन्यांत शेतमजुराला गावात काम कमी. भातगिरण्या, विडी व तेंदूपत्ता यांवर भागत नाही, तेव्हा तरुण माणसे नागपूर, हैदराबाद व अन्य शहरांत बांधकामाच्या कामाला जातात. मुंबई–हावडा लोहमार्गावरील गोंदिया हे मोठे जंक्शन असून नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्ग सडक-अर्जुनी व देवरी तालुक्यांतून जातो. स्थलांतर, मालमोटारींची वाहतूक व रेल्वे या तिन्ही बाबी एचआयव्हीच्या प्रसाराच्या अभ्यासात नेहमी जोखमीच्या मानल्या गेल्या आहेत. मात्र जोखीम घरातून बाहेर गेलेल्याने पत्करलेली असते आणि निदान बहुधा घरी राहिलेल्या स्त्रीचे प्रथम होते. पहिल्या गरोदरपणात रक्ततपासणी झाली व दोष तिच्यावर आला, हा अनुभव केवळ या जिल्ह्यातील नाही. ‘हिनेच रोग आणला’ हे म्हणणे खोडून काढण्यास तिच्याजवळ कोणताही पुरावा नसतो. चाचणी आधी कोणाची झाली, यावरून संसर्ग आधी कोणाला झाला हे ठरत नाही, ही साधी गोष्ट सासरच्या माणसांना समजावणे हा समुपदेशनाचा एक मोठा भाग होऊन बसतो.

जिल्ह्यातील मुख्य रुग्णालये गोंदिया शहरात आहेत : कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय. २०१६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी ती संलग्न करण्यात आली. तालुक्यांच्या ठिकाणी उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये आणि गावपातळीवर प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे आहेत. येथे प्रशासनाची एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रे व कुटुंबकल्याणाचे बहुतेक काम जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि चाचणी केंद्राचा समुपदेशक राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडे, अशी विभागणी आहे. एका स्त्रीच्या एका गरजेसाठी चार दारे आहेत. समुपदेशकाने चिठ्ठी देऊन स्त्रीला दुसऱ्या खोलीत पाठविले, तर ती तेथे पोहोचली किंवा नाही हे बहुधा कळत नाही. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील दूरच्या पाड्यावरून आलेल्या स्त्रीला परतीची बस गाठायची असते. दुसऱ्या रांगेसाठी तिच्याजवळ वेळ नसतो. चिठ्ठीमुळे गुप्ततेलाही बाध येतो, कारण ती कोणत्या खोलीतून आली हे वाचणाऱ्याला चटकन उमगते. यास्तव समुपदेशकाच्या टेबलावरच निरोध व गोळ्या ठेवणे आणि तांबी किंवा इंजेक्शनसाठी परिचारिकेने त्याच दालनात येणे हा मार्ग अधिक चांगला ठरतो.

भाषेचा प्रश्नही आहे. जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी व हलबी बोलल्या जातात. ‘असुरक्षित संबंध’ यासारखे भित्तिपत्रकावरील शब्द तेथील अनेक स्त्रियांना अर्थशून्य वाटतात. उलट ‘पाळणा लांबविणे’ किंवा ‘ऑपरेशन’ हे शब्द सर्वांना कळतात. २००५ नंतर नेमलेल्या आशा स्वयंसेविका २०११ पासून गर्भनिरोधके घरपोच देतात. त्या गावातीलच असल्याने भाषेची अडचण राहत नाही, पण त्याच कारणाने बाधित स्त्री त्यांना आपले निदान सांगण्यास कचरते. म्हणून आशेला निदान न कळताही निरोध पोहोचवता यावा, अशी योजना असणे आवश्यक असते.

नसबंदी व निरोध यांतील विसंगती : एकात्मीकरणाचा खरा कस येथे लागतो. ग्रामीण महाराष्ट्रात कुटुंबनियोजन म्हणजे दोन किंवा तीन अपत्यांनंतर, पंचविशीच्या आसपास, स्त्रीचे ऑपरेशन असे समीकरण रूढ आहे. निरोध हे दोन मुलांत अंतर ठेवण्याचे तात्पुरते साधन समजले जाते. ऑपरेशन झाले की निरोधाचे प्रयोजन संपले, असे नवरा-बायको दोघेही मानतात आणि पुढील वीस वर्षे स्त्रीला पतीकडे तो मागण्यास कोणतेही सभ्य निमित्त उरत नाही. मागितला, तर ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही’ असा त्याचा अर्थ होतो. एकीकडे कुटुंबकल्याणाचा कर्मचारी ‘आता काळजी नको’ म्हणतो. दुसरीकडे एड्स नियंत्रणाचा कर्मचारी निरोध नेहमी वापरा म्हणतो. दोन्ही सल्ले आपापल्या जागी योग्य असून एकमेकांना छेद देतात.

उलट केवळ निरोधावर विसंबणेही पुरेसे नाही. रोगप्रतिबंधासाठी तो अत्यावश्यक असला, तरी सर्वसाधारण वापरात वर्षभरात शंभरापैकी सु. १३ जोडप्यांत गर्भधारणा होते. म्हणून अपत्य नको असलेल्या बाधित स्त्रीला निरोध अधिक दुसरे परिणामकारक साधन, असा सल्ला दिला जातो. हेच दुहेरी संरक्षण होय.

साधनांची निवड : एचआयव्हीबाधित स्त्रीला जवळजवळ सर्व गर्भनिरोधके वापरता येतात, ‘या रोगात तांबी चालत नाही’ हा समज चुकीचा आहे. प्रकृती स्थिर असलेल्या स्त्रीला तांबी निर्धोकपणे बसविता येते. आजार तीव्र अवस्थेत असल्यास मात्र नव्याने बसविणे लांबणीवर टाकतात. ‘अंतरा’ या नावाने २०१७ पासून शासकीय केंद्रांत मिळू लागलेले इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे असते. ते गुपचूप घेता येते, घरात गोळ्यांचे पाकीट सापडत नाही, हा त्याचा लाभ अनेक स्त्रियांना महत्त्वाचा वाटतो. अशा इंजेक्शनने एचआयव्हीच्या संसर्गाची शक्यता वाढते की काय, अशी शंका दीर्घकाळ होती. दक्षिण आफ्रिका, केन्या, झांबिया व एस्वातिनी येथील ७,८२९ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. इंजेक्शन, तांबी व त्वचेखाली बसवावयाची नळी या तीन साधनांत संसर्गाच्या दृष्टीने लक्षणीय फरक त्यांत आढळला नाही. याच वेळी साधन कोणतेही असले तरी त्या स्त्रियांत संसर्गाचे प्रमाण चिंताजनक असल्याचेही दिसले. कुटुंबनियोजनाच्या केंद्रात एचआयव्हीची चाचणी हवी, हे एकात्मीकरणाचे दुसरे टोक त्यातून पुढे आले.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली व आता ‘छाया’ नावाने मिळणारी संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर आठवड्यातून एकदा घेतात. शुक्रजंतुनाशक द्रव्ये मात्र संसर्गाचा धोका असलेल्या स्त्रियांनी टाळावीत. त्यांच्या वारंवार वापराने योनिमार्गाच्या अस्तराला इजा होऊन धोका वाढतो.

औषधांचा परस्परसंबंध समुपदेशकाला ठाऊक असावा लागतो. भारतात २०२० च्या सुमारापर्यंत सर्रास दिल्या जाणाऱ्या एफाव्हिरेंझ या औषधामुळे काही संप्रेरक-गोळ्यांची, विशेषतः संबंधांनंतर तातडीने घ्यावयाच्या गोळीची, परिणामकारकता घटते. क्षयरोगावरील रिफँपिसीन हेही असेच करते, आणि क्षय हा तर एचआयव्हीचा नेहमीचा साथीदार. एफाव्हिरेंझच्या जागी आलेल्या डोल्यूटेग्राव्हिरमुळे ही अडचण बरीचशी दूर झाली. परंतु बोट्‌स्वानातील एका पाहणीत २०१८ मध्ये, गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेत असलेल्या स्त्रियांच्या अर्भकांत मज्जारज्जूच्या दोषाचे प्रमाण अधिक असल्याची शंका व्यक्त झाली. खात्रीचे गर्भनिरोधक असल्याखेरीज स्त्रियांना हे औषध देण्याबाबत सावधगिरीची सूचना त्यावर निघाली. पुढील नोंदींत हा धोका अत्यल्प ठरून सूचना मागे घेण्यात आली. पण मधल्या काळात चांगले औषध मिळणे न मिळणे कुटुंबनियोजन सेवेवर अवलंबून राहिले.

संमती व कायदा : एकात्मीकरणात एक धोका दडलेला आहे. ज्या कार्यक्रमाने पूर्वी उद्दिष्टांसाठी सक्ती केली, त्याच कार्यक्रमाच्या हाती बाधित स्त्री सोपविली, तर ‘तुला मूल नको’ हा सल्ला लवकरच हुकूम बनू शकतो. बाधित स्त्रियांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध नसबंदी झाल्याच्या तक्रारी जगातील अनेक देशांत, विशेषतः आफ्रिकेतील नामिबियात न्यायालयापर्यंत गेल्या. याउलट बाधित म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्याचीही उदाहरणे घडतात. निर्जंतुकीकरणाचे नियम प्रत्येक रुग्णासाठी सारखेच पाळावयाचे असल्याने अशा नकाराला वैद्यकीय आधार नाही. हे नियम ढिले पडले तर काय होते, हे शेजारच्या छत्तीसगढमध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातील शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या तेव्हा दिसले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नसबंदीची शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करणे, निदान उघड करणे व उपचार नाकारणे त्यानुसार निषिद्ध आहे. बाधित गरोदर स्त्रीची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या संमतीविना करता येत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. जोडीदाराला निदान कळविण्याची मुभा डॉक्टर किंवा समुपदेशकाला काही अटींवर असते; मात्र त्यामुळे स्त्रीला मारहाण होण्याची किंवा तिला टाकून दिले जाण्याची भीती असेल, तर ती वापरावयाची नाही.

अपत्याची इच्छा : कुटुंबनियोजनाचा अर्थ अपत्य टाळणे एवढाच घेतला, तर बाधित जोडप्यांपैकी अनेकांची मुख्य गरज वगळली जाते. निदान पहिल्या गरोदरपणात झालेल्या स्त्रीला बहुधा आणखी एक मूल हवे असते. पहिले दगावलेले असल्यास ही इच्छा अधिकच तीव्र असते. पती-पत्नींपैकी एकच बाधित असल्यास बाधित व्यक्तीने लवकर उपचार घेतल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे १,७६३ जोडप्यांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २०११ मध्ये दिसून आले. पुणे व चेन्नई ही त्या अभ्यासाची भारतातील केंद्रे होती. नियमित औषधांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण शोधता न येण्याइतके खाली गेल्यावर गर्भधारणेची योजना करावी, तोवर गर्भनिरोधक वापरावे, असा सल्ला आता दिला जातो. अर्भकाची पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात वाळविलेल्या रक्ताच्या थेंबावर करतात आणि अंतिम निदान अठराव्या महिन्यात होते. या दीड वर्षात माता औषधे, लसी व तपासण्या यांसाठी अनेकदा रुग्णालयात येते. पुढील अपत्य केव्हा, किंवा हवे की नको, हे विचारण्याची संधी त्या प्रत्येक भेटीत समुपदेशकाला असते.